बेटावरच्या घुगऱ्या

लोधिवलीच्या आबाजीचा धाकटा नवशा हा खरोखरच नवसाचा होता. थोरल्या कोंडाजीनंतर आबाजीच्या बायकोची, अंबाबाईची पोरं पाळण्यातच जायला लागली, तेव्हा ती ओढ्यापलीकडच्या सटवाईपुढे पदर पसरून बसली आणि बोलली, हा एवढा ठेव, पाच वर्षं याच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. सटवाईनं ठेवला. मग काय, पाच वर्षं नवशा वेण्या घालून गावभर हुंदडला. एकदा चौकच्या बाजारात एका नवख्या कासारानं त्याला मुलगी समजून मनगटभर हिरव्या बांगड्या भरल्या, आणि आबाजी तिथं पोचेपर्यंत हा पठ्ठ्या हात वर करून लोकांना किणकिण ऐकवत उभा. पुढे पलटणीत त्याला मिशी फुटली तरी दहिवलीचा सदू त्याला "बांगडीवाली" म्हणूनच हाक मारायचा.

सटवाई म्हणजे पोर जन्मल्यावर सहाव्या रात्री येऊन त्याच्या कपाळावर पुढचं सगळं लिहून जाते ती. लोधिवलीच्या सटवाईला देऊळ नव्हतं की तोंड नव्हतं. करवंदीच्या जाळीखाली शेंदूर फासलेले गोटे, एवढीच तिची मांडणी. पण अंबाबाईनं नवशाला शिकवून ठेवलं होतं, की तू तिचा आहेस, तुझं ती ऐकते.

नवशा मोठा झाला, माथेरानला साहेबांच्या रिक्षा ओढायला लागला. पोटऱ्या अशा झाल्या की भरतीच्या साहेबानं आधी त्या दाबून पाहिल्या आणि मग नाव विचारलं. सदू तिथंच एका हॉटेलात भांडी घासायचा. दोघं एकाच दिवशी पलटणीत गेले. लढाई सुरू होऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता.

घरात बायको होती, सुंदरा. सावळी, कमी बोलणारी, हसायला लागली की नाकातून हसणारी. तिची दोन बाळंतपणं झाली होती. पहिलं मेलेलंच आलं. दुसरं चार दिवस जगलं. त्यावर ती एकदा नवशाला बोलली होती, "लिवाया यायच्या आधीच उचलून नेती बगा तुमची सटवाई."

पंचेचाळीस सालच्या माघात नवशा रजेवर आला, तेव्हा शेवटच्या रात्री तिनं त्याला विचारलं, "जायच्या आधी वढ्यावर जाऊन याल का? पुना दिवस गेले तर, म्हनून. माजं नाय आयकत ती. तुमी तिचे हाव."

"सकाळी जातो की," नवशा बोलला.

पण पलटणीची लॉरी पहाटेच फाट्यावर येऊन भोंगा वाजवायला लागली. ओढा राहिला. लॉरीत चढताना त्यानं वळून पाहिलं तर सुंदरा त्याच्याकडे बघत नव्हती, ओढ्याच्या बाजूला बघत होती.

श्रावणात गावच्या मास्तरांच्या हातचं कार्ड आलं. सुंदराला दिवस गेले होते, दिवाळीच्या सुमारास मोकळी होईल. कार्ड वाचून सदूनं नवशाच्या पाठीत गुद्दा घातला. नवशाला मात्र तो ओढाच दिसत राहिला.

तोवर लढाई संपली होती आणि त्यांची पलटण ग्रीकांच्या एका बेटावर पहाऱ्याला बसली होती. त्या बेटाचं नाव कुणाच्या तोंडात धड बसलं नाही, सगळे नुसतं बेट म्हणायचे. चैत्रात माथेरानची उतरण दिसते तसे उघडे डोंगर, खाली पांढरी घरं, मधे कडवट फळांची बुटकी झाडं. त्या फळांचं तेल तिथले लोक जेवणातही घालत आणि दिव्यातही. लोक उपासमारीनं वाळलेले. आपल्या जवानांचा भटारखाना पेटला की बेटावरची पोरं भांडी घेऊन भोवती बसत, आणि भटारी शिव्या घालत घालत त्यांना वाढत असे.

बंदराच्या टोकाला दोन खोल्यांचं एक कौलारू घर होतं. तो तिथला अजबखाना. जुन्या काळच्या मूर्ती, मडकी, नाणी ठेवायची जागा. शत्रू येणार असं कळलं तेव्हा लोकांनी सगळ्या मूर्ती गोणपाटात गुंडाळून त्याच घराच्या जमिनीखाली पुरल्या होत्या. आता त्या वर काढायच्या तर बेटावर ताकदीचा माणूस राहिला नव्हता. साहेबानं आपले जवान पाठवले. दिवाळी होऊन गेली होती. नवशा आणि सदू त्या कामावर गेले.

पहारी लावून, दोर टाकून एकेक दगड वर यायला लागला. हात तुटलेले, मुंडकी उडालेले. सदूची तोंडाची टकळी चालूच. "ह्याचं डोकं कुटं गेलं रं? आपल्या सुभेदारावानीच दिसतोय, डोकं नसून उबा हाय."

मग एक आडवी जड शिळा नवशाच्या हाताला लागली, तोंड मातीकडे. तिला उलटी केली, घागरीनं पाणी ओतलं, आणि माती निथळली तसं आतलं दिसायला लागलं. खुर्चीवर बसलेली एक बाई. डोक्यावरून पदर घेतलेला. तिच्यासमोर एक पोरगी उभी, आणि पोरगीच्या हातात फडक्यात घट्ट गुंडाळलेलं तान्हं. बसलेल्या बाईनं त्या तान्ह्याकडे हात केला होता.

आता आपल्याकडे देव कसा सापडतो? नांगराच्या फाळाला लागतो, विहीर खणताना लागतो. माणूस देवाला शोधत नाही, देव त्याच्या हाताखाली वर येतो. नवशा तेवढंच जाणत होता. त्यानं बूट काढले, मोजे काढले आणि हात जोडले.

"आरं, साहेब बगतोय," सदू हळूच म्हणाला.

"सटवाई हाय."

"सटवाई खुर्चीवर कदी बसाया लागली?"

"साहेबांच्या मुलकातली हाय. खुर्चीवरच बसनार."

सदूला हसू आलं, पण नवशाचं तोंड बघून त्यानं ते गिळलं. नवशा त्या दगडी चेहऱ्याकडे बघत होता. गावाकडच्या गोट्यांना तोंड नव्हतं, म्हणजे ती अशी दिसते तर. त्याला वाटलं, ओढ्यावर गेलो नाही म्हणून हीच समुद्र ओलांडून आपल्यापुढे आली.

शिळा आतल्या खोलीत भिंतीला टेकवून उभी केली. दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाल्यावर नवशा एकटाच तिकडे गेला. सिगारेटच्या डब्यात कडू फळांचं तेल, जखमेला बांधायच्या पट्टीची वात. दिवा शिळेच्या पायाशी लावला आणि बोलला, "आई, आमच्या गावची तू नव्हंस. पन काम तुजं त्येच. माजी सुंदरा आता भरल्या दिवसांची हाय. दोनी जीव सुटे कर. तुज्या भयनीला वढ्यावर खन-नारळ घालीन, पोराचं जावळ तितंच काडीन."

त्या घराची राखण एक म्हातारा करायचा. अंगात काळा कोट, दंडावर काळी फीत. नवशानं मनाशी ठरवून टाकलं की फीत ही पुजाऱ्याची खूण. म्हातारा दारातून दिव्याकडे बघत होता. नवशाला वाटलं आता ओरडेल. पण तो जवळ आला, शिळेतल्या बाईकडे बोट केलं, मग नवशाकडे केलं आणि काहीतरी विचारलं.

नवशाला वाटलं, पुजारी विचारतो आहे की बायकोसाठी आलास का. त्यानं जोरात मान हलवली. दोन्ही हातांनी पदर घेतल्याची खूण केली, पोटावरून हात गोल फिरवला, मग हातांचा झुला करून बाळ हलवून दाखवलं. म्हाताऱ्याचे डोळे भरले. त्यानं नवशाच्या खांद्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. छावणीत येऊन नवशा सदूला सांगत होता, "काय दयाळू मानूस. वळक ना पाळक, माज्या बायलीपायी रडला."

मग तो रोजचा नेमच झाला. पहारा सुटला की नवशा अजबखान्यात जायचा. म्हातारा त्याच्यासाठी दार उघडं ठेवायचा, स्वतः झाडलोट करायचा, कधी दिव्यात तेल कमी दिसलं तर आपल्या बाटलीतलं घालायचा. एका बाकावर बसून दोघं त्या बाईकडे बघत राहायचे.

एक दिवस म्हातारा ताटली घेऊन आला. वरचं फडकं काढलं तर आत शिजवलेले गहू. अख्खे, फुललेले. वर साखर, मनुका, डाळिंबाचे दाणे. त्यानं ताटली नवशाच्या हातात दिली, बाईकडे बोट केलं, आणि छातीवर हात ठेवून मान खाली घातली.

नवशानं एक दाणा चिमटीत धरून पाहिला. घुगऱ्या. पोर जन्मलं, बारसं झालं, की गावभर वाटायच्या घुगऱ्या. आपल्या भाताच्या मुलखात त्या हरभऱ्याच्या नाहीतर वालाच्या करतात. पण अंबाबाईचं माहेर घाटावरचं, त्यामुळे आबाजीच्या घरात घुगऱ्या गव्हाच्याच व्हायच्या. बेटावरच्या पुजाऱ्याला हे कोण सांगायला गेलं होतं? तिनंच सांगितलं असणार. पोर झालं, सुंदरा सुटली, हे सांगायचा तिच्याकडे दुसरा काय उपाय होता?

त्यानं म्हाताऱ्याचे पाय धरले. गहू टोपीत ओतून घेतले आणि छावणीपर्यंत पळत गेला. "सदू, झालं रं पोर. घे, घुगऱ्या घे."

"कुनी सांगितलं?"

"तिनं."

सदूनं मूठभर तोंडात टाकल्या आणि चावत म्हणाला, "साखर बाकी झ्याक घातलीय. मंग बारसं नको का?"

ते बारसं त्या छावणीतले जवान अजून आठवत असतील. दोन तंबूंच्या दोऱ्यांना घोंगडी बांधून पाळणा केला, आत पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून निजवली. सदूनं डोक्यावर चादर घेतली आणि आत्याबाई झाला. भटाऱ्यानं शिरा ढवळला. मुलगा असला तर जयवंता आणि मुलगी असली तर मोती, असं ठरलं. नवशानं टोपीतले गहू एकेकाच्या तळहातावर घातले. साताऱ्याचा, रत्नागिरीचा, कुठला कुठला जवान, सगळ्यांनी हसत हसत खाल्ले. नवशाला त्या संध्याकाळी हसून हसून उचकी लागली.

पलटणीला परतायचा हुकूम आला तेव्हा थंडी सरत आली होती. नवशा चहापत्तीचा डबा आणि साखरेची पुडी घेऊन म्हाताऱ्याचा निरोप घ्यायला गेला. त्याला एक मागणंही होतं. तसलेच मूठभर गहू सुंदरासाठी न्यायचे. त्यानं ताटलीची खूण केली, दाणे चिमटीत धरून तोंडात टाकल्यासारखं केलं, आणि दूर, समुद्रापलीकडे हात केला.

म्हाताऱ्याला ते कळलं, किंवा कळल्यासारखं वाटलं. त्यानं कुलूप घातलं, नवशाचा हात धरला आणि त्याला टेकडीवर घेऊन गेला. वर एक कुंपण होतं. आत दगडी क्रूस उभे. एका नव्या क्रुसाजवळ काळे कपडे घातलेल्या दोन बाया बसल्या होत्या. क्रुसाच्या पायाशी काचेत तेलाचा दिवा जळत होता, आणि दिव्याशेजारी ताटली. तेच गहू. तीच साखर, तेच डाळिंबाचे दाणे.

म्हाताऱ्यानं जमिनीकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर थाप मारली. गाल तळहातावर टेकवून डोळे मिटले. दंडावरच्या काळ्या फितीला हात लावून दाखवला. मग बोट नवशाच्या छातीला लावलं, आणि तिथून खाली बंदराकडे, अजबखान्याच्या कौलांकडे नेलं. तिथं बसलेल्या बाईसाठीही त्यानं गाल तळहातावर टेकवला, डोळे मिटले. आणि हातांचा झुला करून, बाळ शेजारच्या बाईच्या ओटीत टाकल्यासारखं केलं.

नवशाला सगळं एकदम कळलं. त्याच्यापुढे इतके दिवस बसली होती ती सटवाई नव्हती. बाळंतपणात गेलेली एक बाई होती. ती पोराला घेत नव्हती, देऊन टाकत होती. तो दिवा मेलेल्या माणसापुढे लावायचा दिवा होता. म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी त्याला आपल्यासारखा समजून घेतला होता. बायको गेलेला माणूस.

नवशानं "नाय, नाय" म्हणून मान हलवली. माझी आहे, जिवंत आहे, असं सांगायला त्यानं हात वर उचलले. पण त्यासाठी कसली खूण करायची ते त्याला सुचेना. काळ्या कपड्यातल्या बाईनं ताटलीतले गहू ओंजळीत घेऊन त्याच्यापुढे धरले. त्यानं ते घेतले नाहीत.

बोटीवर सदू त्याला समजावून दमला. "त्यांच्यात तसं, आपल्यात आसं. गहू त्याच शेतातला. आपन बारसं केलं म्हंजी बारसंच झालं."

"मी मेलेल्या बाईफुडं नवस बोललो, सदू. जित्या बाईसाटी. तिला वाटलं आसंल, माज्याकडं धाडतोय."

"तुजं डोस्कं फिरलंय. सुंदरा भाकऱ्या थापत बसली आसंल, आन तू हितं."

"मंग कार्ड का नाय आलं?"

सदूनं विडी काढली, नवशाला दिली, आणि दोघं पाण्याकडे बघत बसले.

मुंबईत उतरल्यावर सदू कर्जतच्या गाडीनं दहिवलीला गेला. नवशा पुण्याकडे निघालेल्या एका लष्करी लॉरीतून लोधिवलीच्या फाट्यावर उतरला. भर दुपार होती. शेतं कापून झालेली, मळणी उरकलेली, खळ्यात कोंबड्या. वाटेत दोन माणसं भेटली, दोघंही "आलास व्हय" म्हणाली आणि पुढे काही न विचारता निघून गेली.

अंबाबाई भाकरतुकडा आणि पाणी घेऊन दारात आली. लढाईवरून आलेल्या लेकावरून तुकडा ओवाळला, बाजूला टाकला, आणि तिथंच उंबऱ्यावर बसून पदरात तोंड घातलं. आत पडवीत भिंतीला धरून कोंडाजीची बायको हिरू उभी होती. तिच्या हातात फडक्यात घट्ट गुंडाळलेलं तान्हं होतं. दगडातल्या पोरगीसारखीच उभी होती ती, पोर तसंच पुढे धरून. फक्त तिच्यासमोर बसलेलं कुणी नव्हतं.

"कवा?" नवशानं विचारलं.

आबाजी खांबाला टेकून बसला होता. "घट बसले त्या दिशी. आठव्यातच मोकळी झाली. पोर आली आन ही गेली. तुला कळवू नगा म्हनून मीच मास्तरला सांगितलं. तितं बंदूक घिऊन उबा आसशील, आन काय करून बसशील."

घट बसले त्या दिवशी. नवशानं मनाशी मागे जाऊन पाहिलं. घट, मग दसरा, मग दिवाळी, आणि दिवाळी सरल्यावर ती शिळा. म्हणजे त्यानं पहिला दिवा लावला तेव्हा सुंदरा जाऊन महिना उलटून गेला होता. त्याच्या नवसानं ती मेली नव्हती. बोटीवर त्याला खाणारी भीती खोटी निघाली.

दुसऱ्या कुणाला यात सुटका दिसली असती. नवशाला दिसली नाही. अपराध होता तोवर निदान कुणीतरी ऐकलं होतं, उलटं का होईना. आता कळलं की त्या बाकावर बसून तो रोज जे बोलला ते ऐकायला कुणी नव्हतंच. खरं काय ते त्या दोघांतल्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं. त्यानं बरोबर ओळखलं होतं. आणि ते गहूही बरोबरच होते. नवशानं आपल्या बायकोच्या मरणाचे गहू टोपीत भरून छावणीभर वाटले होते, आणि सगळ्यांनी हसत खाल्ले होते.

पोरीचं बारसं बापासाठी थांबवलं होतं. तो येऊन आठवडा झाल्यावर अंबाबाईनं दिवस धरला. गहू भिजत घातले, शिजवले, गूळ-खोबरं घातलं. आळीतल्या बाया जमल्या. हिरूनं पाळणा बांधला. अंबाबाईनं पहिली वाटी भरून नवशाच्या हातात दिली. "पोरीचा बा तू. आदी तू खा, मंग नाव सांग."

नवशा वाटीत बघत राहिला. मोती हे नाव त्याच्या तोंडात आलं होतं. ते काही बाहेर पडलं नाही. तो उठला, देवळीतली पणती उचलली आणि वाटी घेऊन नदीकडे चालायला लागला. बायांना वाटलं, देवाला दाखवायला निघाला. पण तो ओढ्याकडे वळला नाही. सुंदराला जाळलं होतं तिथं, मसणवटीत गेला. पणती लावली, वाटी शेजारी ठेवली, आणि बेटावरच्या बाकावर बसायचा तसा बसून राहिला.

परत आला तेव्हा बाया पांगल्या होत्या. पाळणा सोडलेला होता.

"काय केलंस रं?" अंबाबाई म्हणाली. "बारशाच्या घुगऱ्या मसनात?"

"तिकडं आसंच करत्यात, आये. मेलेल्या मानसाला गव्हू देत्यात."

"तिकडं करत्यात. पोर हिकडं हाय."

हिरू आतल्या दारात आली. ती वाईट बाई नव्हती. स्वतःच्या तान्ह्यासंगं तिनं ही पोर दुधावर जगवली होती. "भावजी," ती म्हणाली, "आजपास्नं ही माजी. तिच्या वाटचं तुमी तितं ठिवून आलाव. आता तिला हात लावू नगा. तुमच्या पाया पडते."

पोरीचं नाव हिरूनंच आत कानात सांगितलं, इंदू. आबाजीनं नवशाची बाजू घेतली नाही, कोंडाजीनंही नाही, आणि खरं सांगायचं तर गावात त्याची बाजू घेणारं कुणी सापडलं नसतं. सदू एकदा दहिवलीहून मुद्दाम आला, अंबाबाईला बेटाची सगळी हकीकत सांगितली. तिनं ऐकून घेतली, त्याला जेवू घातलं, आणि जाताना म्हणाली, "तुमी समद्यांनी खाल्ल्या म्हना की."

नवशा पुन्हा माथेरानला रिक्षा ओढायला गेला. सणासुदीला खाली यायचा, ओटीवर बसायचा, अंगणात खेळणाऱ्या पोरांकडे बघायचा. दुसरी बायको केली नाही. ओढ्यावर कधी गेला नाही. इंदू बारीक चणीची, सावळी झाली. हसायला लागली की नाकातून हसायची.

हिरूला पुढे आणखी एक पोरगा झाला, त्याच्या बारशाला नवशा आला होता. घरात गव्हाच्या घुगऱ्या शिजल्या. पोरं मुठी भरभरून वाटत फिरत होती. इंदूही फिरत फिरत ओटीवर आली. हिरू दारातून बघत होती.

"काका, घे," इंदू म्हणाली आणि मूठ उघडली.

नवशानं तिच्या तळहाताकडे पाहिलं. मग हिरूकडे पाहिलं. त्यानं हात मांडीवरून उचलला नाही. पोरगीनं मूठ मिटली आणि दुसऱ्या कुणाला द्यायला अंगणात पळाली.